रोलर कॅम टाकताय? मग कॅमचा पुढे-मागे खेळ कव्हरसकट मोजा

जुन्या शेव्ही ३५० (शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन) मधला फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाचे लिफ्टर उचलून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काढून रोलर, म्हणजे चाकाच्या लिफ्टरचा कॅम, टाकायचं तुमचं ठरलं असेल, तर कॅम, लिफ्टर, पुशरॉड, व्हॉल्व्ह स्प्रिंगा या सगळ्याची चौकशी तुम्ही केलीच असणार, कारण पैसा तिथेच जातो. पण कॅमच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसणारं एक छोटंसं बटण असतं, त्याला किंमत म्हणून काही नाही, आणि बरेच जण ते शेवटच्या दिवशी टायमिंग चेनवरचं पुढचं कव्हर लावता लावता आत ढकलतात आणि बोल्ट आवळून मोकळे होतात. मी पहिल्या इंजिनाला ते मोजलं होतं, तरी फसलो. त्याचं काय झालं ते सांगतो, आणि मग नीट कसं करायचं ते सगळं सांगतो, कारण ह्यात अवघड काही नाही, फक्त एक संध्याकाळ हातात ठेवायला लागते.

मी मिशिगनमध्ये असतो, घराच्या गॅरेजमध्येच इंजिनं बांधतो. ते पहिलं इंजिन सुरू झालं, आवाज मस्त, तेलाचं प्रेशर चांगलं, पण टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावला की बॅलन्सरवरची, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाच्या चाकावरची, खूण एका जागी उभीच राहीना. आयडलला दोन-तीन डिग्री इकडे, दोन-तीन डिग्री तिकडे, रेस केलं की वेगळीच. मी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) संशय घेतला, तो बदलला, मग चेन ढिली असेल म्हणून तिच्यावर संशय घेतला, असे दोन महिने गेले. शेवटी पुढचं कव्हर उघडलं तर आतून पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल चकचकीत घासलेला डाग, आणि पत्रा त्या जागी बाहेरच्या अंगाला फुगलेला, बोट फिरवलं की कळत होता. कॅम पुढे येऊन बटणाने पत्रा ढकलत होता आणि पत्रा बिचारा ढकलला जात होता.

त्या वेळी माझे सासरे पिंपरीहून सहा महिने आमच्याकडे राहायला आलेले, आयुष्यभर टूलरूममध्ये टर्नर म्हणून काम केलेला माणूस. मी त्यांना डायल गेज दाखवून सांगत होतो की मी बटण मोजून, घासून बरोबर सात थाऊला आणलं होतं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉनच्या आसपास.) त्यांनी ते कव्हर हातात घेतलं, मध्यावर अंगठा दाबला, पत्रा टक्कन आत गेला आणि परत आला. म्हणाले, "अहो जावईबापू, हे डब्याचं झाकण आहे. तुम्ही बटण मोजलंत, झाकण कुठं मोजलंत?" तेव्हापासून मी एंड प्ले, म्हणजे कॅमचा हा पुढे-मागे खेळ, म्हणजे बटण असं मानत नाही, बटण नुसतं निरोप पोचवतं, कॅमला धरून ठेवतं ते कव्हर.

आता हे फ्लॅट टॅपेटला का लागत नव्हतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. फ्लॅट कॅमचा लोब (लिफ्टर उचलणारा उंचवटा) दिसायला सपाट असला तरी त्याला एका बाजूला एक-दोन थाऊचा उतार दिलेला असतो, आणि लिफ्टरचा तळही अगदी किंचित फुगीर असतो. त्या उतारामुळे दोन गोष्टी होतात, एक म्हणजे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो, आणि दुसरी म्हणजे सोळाच्या सोळा लिफ्टर मिळून कॅमला सतत मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला रेटत राहतात. मग टायमिंग गियरची पाठ ब्लॉकच्या तोंडाला टेकून बसते आणि कॅम कुठे जात नाही. १९५५ साली २६५ क्युबिक इंचाचं पहिलं स्मॉल ब्लॉक आलं तेव्हापासून हीच पद्धत, पुढून धरायला काहीच नाही, कारण गरजच नव्हती.

रोलरला उतार देताच येत नाही, चाकाला पूर्ण रुंदीवर सपाट बसायला पाहिजे, नाहीतर चाकाच्या एका कडेवर सगळा भार येईल आणि ते टिकणार नाही. उतार गेला की मागचा रेटाही गेला. आता कॅम मोकळा, डिस्ट्रिब्युटरच्या गियरचे तिरपे दात, चेनची ओढ, इंजिनाचा वेग कमी-जास्त होणं, ज्याला जशी संधी मिळेल तसं तो त्याला पुढे-मागे हलवणार.

आणि हललं म्हणून काय बिघडलं? सगळ्यात आधी टायमिंग. डिस्ट्रिब्युटर कॅमवरच्या तिरप्या दातांवर फिरतो, त्यामुळे कॅम न फिरता नुसता पुढे सरकला तरी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट थोडा फिरतो, स्क्रू ढकलल्यासारखं. आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे झालेली एक डिग्रीची चूक टायमिंग लाइटला क्रँकवर दोन डिग्री दिसते. माझी खूण नाचत होती ती ह्याच्यामुळे, नवीन डिस्ट्रिब्युटर घालून काय होणार होतं. दुसरं म्हणजे लिफ्टरचं चाक लोबच्या मध्यावरून कडेला जातं, आणि खेळ फारच मोठा असला तर शेजारच्या लोबच्या कडेशी गाठ पडायची भीती. तिसरं, चेन तिरकी चालते, गियरचे दात एका बाजूने खातात. शिवाय पुढच्या कव्हरचं काय होतं ते वर सांगितलंच.

काम सुरू करायच्या आधी तुमच्याकडे नक्की कुठला ब्लॉक आहे ते बघा, कारण कदाचित तुम्हाला बटण लागणारच नाही. शेव्हीने १९८७ पासून स्मॉल ब्लॉकमध्ये कंपनीचाच रोलर दिला, त्यात कॅमच्या पुढे एक प्लेट असते, ती दोन बोल्टनी ब्लॉकला पक्की, आणि कॅमच्या नाकाला पायरी काढलेली असते. प्लेट गियर आणि कॅमच्या खांद्यामध्ये अडकते, कॅम पुढेही जात नाही आणि मागेही नाही. कॅमच्या भोकाच्या दोन बाजूंना ब्लॉकच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं दिसली तर तुमचा ब्लॉक तो आहे. पण नुसत्या सालावर जाऊ नका, त्यानंतरचेही काही ट्रकचे ब्लॉक असे आलेत की ओतीव काम रोलरचं, पण भोकं पाडलेलीच नाहीत, फ्लॅट कॅम घालून विकलेले. डोळ्यांनी बघा. आणि प्लेटवाला ब्लॉक असेल तर पायरीचा कॅमच मागवा, त्याच्या गियरचे तीन बोल्ट जवळजवळ असतात, जुन्या कॅमचा गियर त्याला बसत नाही.

एलएस इंजिनांना (शेव्हीची नंतरची व्ही-८) सगळ्यांनाच प्लेट असते, तिथे खेळ १ ते १२ थाऊ चालतो. फोर्ड ३०२ ला तर फ्लॅट टॅपेटच्या काळापासून प्लेट आहे, तिथे १ ते ७ थाऊ. ह्यांचं काम सोपं, प्लेट आवळा, गियर आवळा, डायल गेज नाकावर लावून पुढे-मागे करून बघा, जास्त आला तर प्लेट झिजलीय, नवीन टाका, संपलं. एलएसच्या प्लेटच्या पाठीला तेलाच्या वाटेचं सील असतं तेवढं फाटलेलं नाही ना ते बघा. पुढचं सगळं ज्यांच्याकडे प्लेट नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जुनं शेव्ही स्मॉल ब्लॉक, जुनं बिग ब्लॉक, आणि मोपारचं (क्रायस्लरचं) बिग ब्लॉक.

पहिलं काम मागच्या बाजूचं आहे, पुढचं नाही. हे लोक विसरतात. कॅम मागे गेल्यावर त्याला काय अडवतं ते पक्कं झाल्याशिवाय पुढे मोजून उपयोग नाही, कारण तुमचा शून्यच चुकीचा असेल. कॅम घाला, लिफ्टर अजिबात घालू नका, गियर चेनशिवाय नुसता कॅमला लावून तीन बोल्ट आवळा. आता गियरच्या पाठीला मार्किंगची निळी शाई लावा, नसली तर ग्रीसचा पातळ हात फिरवा, कॅम मागे दाबून धरा आणि एक-दोन फेरे फिरवा. गियर काढून बघा. ब्लॉकच्या तोंडावर कॅमच्या भोकाभोवती पूर्ण गोल ठसा आला पाहिजे. अर्धाच आला, किंवा आलाच नाही, तर काहीतरी दुसरंच आधी टेकतंय.

हे दुसरं काय असू शकतं? माझ्या बघण्यात दोनच गोष्टी येतात. एक, तेलाच्या वाटांचे पुढचे प्लग. जुने ठोकून बसवलेले प्लग काढून आट्यांचे प्लग बसवायची पद्धत आहे, चांगलीच आहे, पण आटे खोल पाडले नसतील तर प्लगचं डोकं ब्लॉकच्या तोंडाच्या बाहेर राहतं आणि गियरची पाठ त्याच्यावर घासते. पट्टी आडवी धरून बघा, प्लग तोंडाच्या आतच पाहिजे. दुसरी, ब्लॉकच्या मागची डमी, म्हणजे कॅमच्या भोकाचं मागचं झाकण. मशीन शॉपमध्ये ती जास्त खोल ठोकली गेली तर कॅमचं शेपूट तिच्यावर टेकतं, गियर ब्लॉकला पोचतच नाही, आणि गरम झाल्यावर कॅम जड फिरायला लागतो. मशीन शॉपमधून ब्लॉक आला की मी हे आवर्जून बघतो, कारण इंजिन गाडीत बसल्यावर ती डमी गियरबॉक्सच्या मागे लपते.

ब्लॉकचं तोंड पण नखाने चाचपून बघा. खूप चाललेल्या ब्लॉकला गियरने गोल चर पाडलेली असते. नखाला नुसती जाणवली तर पॉलिश पेपरने कड मारून सोडून द्या, नख अडकत असेल तर मशीन शॉपला विचारा. इथे बरेच जण गियरच्या मागे सुयांचं पातळ थ्रस्ट बेअरिंग टाकतात, म्हणजे लोखंडावर लोखंड घासण्याऐवजी बेअरिंग फिरतं. मी पण टाकतो. फक्त ते बेअरिंग ज्या गियरच्या पाठीला जागा काढलेली आहे त्याच्याबरोबरच टाकायचं. साध्या गियरच्या मागे ढकललं तर गियर तेवढा पुढे येतो, त्याच्याबरोबर अख्खा कॅम पुढे येतो, लोब लिफ्टरच्या मध्यावरून सरकतात आणि चेन क्रँकच्या गियरशी सरळ रेषेत राहत नाही. बेअरिंग टाकलंत तर दोन्ही गियरच्या तोंडावर सरळ पट्टी धरून चेनची रेषा बघायची, हे सोडू नका.

आता बटण. नायलॉनचं मिळतं, ॲल्युमिनियमचं मिळतं, आणि तोंडाला बेअरिंग असलेलं स्टीलचं मिळतं. नायलॉनचं स्वस्त, घासायला सोपं, हलक्या स्प्रिंगांच्या रोजच्या गाडीला चालून जातं, पण झिजतं, आणि झिजलेलं कळत नाही. ॲल्युमिनियमचं बटण ॲल्युमिनियमच्या कव्हरवर कधीच नको, ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं की ओरखडे पडून एकमेकांना चिकटायला लागतं. बेअरिंगवालं मला सगळ्यात पसंत, फक्त त्याला टेकायला खरोखर सपाट आणि कडक जागा पाहिजे. एक लक्षात ठेवा, बटण गियरच्या मधल्या भोकात बसतं आणि लॉकप्लेट (गियरचे बोल्ट सुटू न देणारी पट्टी) त्याच्यावरून येते, काही लॉकप्लेटचं मधलं भोक बटणापेक्षा लहान असतं, मग बटण तिरकं अडकतं आणि तुमचं माप खोटं येतं. बटण बोटाने फिरवून बघा, डगडग नको आणि अडकायलाही नको.

कव्हरकडे येऊ. कंपनीचं पत्र्याचं कव्हर जसंच्या तसं रोलर कॅमसाठी वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. अंगठ्याने दाबून बघा, तुम्हालाच कळेल. पत्र्याचंच ठेवायचं असेल तर दोन गोष्टी करायच्या. बटण जिथे टेकतं तिथे आतून एक सपाट स्टीलची चकती वेल्ड करून घ्यायची, म्हणजे पत्रा घासला जाणार नाही, आणि कव्हर बाहेर फुगू नये म्हणून बाहेरून टेकू द्यायचा. बाहेर लगेच वॉटर पंप असतो, त्याच्या पाठीवर एक बोल्ट आणि चेकनट अशी सोय करून बोल्टचं टोक कव्हरला टेकवतात, तयार टेकूही मिळतात. वेल्ड करताना पत्रा वाकतो, तेव्हा वेल्ड झाल्यावर कव्हर काचेवर पालथं ठेवून पॅकिंगची कड चारी बाजूंनी टेकते का ते बघा.

दुसरा रस्ता म्हणजे जाड ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर. महाग आहे पण मी आता हेच घेतो. त्यातली दोन तुकड्यांची येतात त्यांचा पुढचा तुकडा चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) न उतरवता निघतो, बटण परत परत काढून घासायचं असतं तेव्हा ह्याची किंमत कळते. काही कव्हरांना बाहेरून फिरवायचा स्क्रूच दिलेला असतो. तिथे हिशेब असा, स्क्रूला इंचाला २० आटे असतील तर एक पूर्ण फेरा म्हणजे ५० थाऊ, म्हणजे स्क्रू टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि फेऱ्याचा आठवा भाग उलटा फिरवला की सहा थाऊ मोकळे झाले. वॉटर पंपाच्या टेकूच्या बोल्टलाही हाच हिशेब लागतो, आटे मोजून घ्या. ओतीव कव्हरमध्ये स्टीलची कडक चकती बसवलेली आहे का ते बघूनच घ्या, नसेल तर बटण हळूहळू ॲल्युमिनियम खाणार आणि ती सगळी पावडर तेलात. आणि १९९६ पासूनच्या व्होर्टेक स्मॉल ब्लॉकचं काळं प्लास्टिकचं कव्हर जुन्या इंजिनाला लावून त्याच्यावर बटण टेकवायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या.

मोजायला घेऊ. किती पाहिजे? शेव्हीसाठी ५ ते १० थाऊ, मिलिमीटरमध्ये साधारण ०.१३ ते ०.२५. मी सहा ते आठच्या मध्ये आणतो. शून्य कधीही ठेवू नका, बटण सतत दाबात राहिलं तर तापतं, नायलॉनचं असेल तर वितळल्यासारखं होतं, आणि चकती निळी पडते. उलट ॲल्युमिनियमचं कव्हर गरम झालं की स्टीलच्या बटणापेक्षा जास्त वाढतं, दीड-पावणेदोन इंच खोलीच्या कव्हरला गार आणि गरम ह्यात थाऊ-दीड थाऊचा फरक पडतो, खेळ थोडा वाढतो. म्हणून गार असताना दहाच्या वर ठेवलात तर गरम झाल्यावर तो हवा त्याहून मोठा होणार.

आधी कागदावर अंदाज काढा, त्याने बटण वारंवार काढायचा त्रास वाचतो. चेन, गियर, लॉकप्लेट, बटण सगळं लावून, बोल्ट शेवटच्या टॉर्कला आवळून, कॅम पूर्ण मागे दाबा. डेप्थ गेजने ब्लॉकच्या पॅकिंगच्या तोंडापासून बटणाच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या. मग कव्हर काचेवर उलटं ठेवून त्याच्या पॅकिंगच्या कडेपासून आतल्या चकतीपर्यंतची खोली घ्या, आणि दाबलेल्या पॅकिंगची जाडी त्यात मिळवा. पॅकिंगची जाडी पाकिटावर बघू नका, एकदा तेच पॅकिंग लावून, बोल्ट आवळून, काढून मायक्रोमीटरने घ्या, कारण दाबलं की ते बसतं. उदाहरणासाठी, हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून, तुमचे वेगळे येणार: बटणाचं टोक १.७४० इंचावर आलं, कव्हरची खोली १.७१५, दाबलेलं पॅकिंग ०.०२०. कव्हरची बेरीज १.७३५. म्हणजे बटण पाच थाऊ लांब आहे, कव्हर बसणारच नाही, बसवलं तर बोल्ट ओढून त्याला फुगवतील. आपल्याला सात थाऊ मोकळे पाहिजेत, म्हणून पाच अधिक सात, बारा थाऊ बटणातून काढायचे.

काढायचे कसे? नायलॉन आणि ॲल्युमिनियमचं बटण असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवा, वर थोडं तेल, बटण आठच्या आकड्यासारखं फिरवा, दर थोड्या वेळाने पाव फेरा वळवून धरा म्हणजे तिरकं घासलं जात नाही. दर दोन थाऊनंतर मोजा, तीन ठिकाणी मोजा. घाईने एकदम घासलं आणि चार थाऊ जास्त गेले की बटण वाया. बेअरिंगवालं बटण घासायचं नाही, त्याच्या मागे शिम (पातळ चकत्या) येतात, शिमने लांबी वाढवायची किंवा कमी करायची. बटण आधीच आखूड असेल तरी शिमच.

आता खरं मोजमाप, आणि हे कागदावरच्या हिशेबाने टळत नाही. इंजिन स्टँडवर उलटं करा, चेंबर लावलेला नसावा, लिफ्टर आत नसावेत. कव्हर पॅकिंगसकट लावा, सीलंट नको, सगळे बोल्ट आवळा. पत्र्याचं कव्हर असेल तर वॉटर पंपही लावा आणि टेकूचा बोल्ट फिरवून कव्हरला नुसता टेकवा, दाबू नका, चेकनट आवळा. डायल गेजचं चुंबकाचं स्टँड चेंबरच्या रेलवर बसवा आणि टोक कॅमच्या एखाद्या लोबच्या बाजूच्या भिंतीवर टेकवा, कॅमला समांतर, तिरकं नाही, तिरकं असेल तर आकडा खोटा. मग लाकडाची पाचर किंवा पितळेची पट्टी लोब आणि ब्लॉकच्या मधल्या भिंतीमध्ये घालून कॅम हळूच मागे ढकला, गेज शून्य करा, आता पुढे ढकला. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, लोबवर एक ओरखडा पडला की नवीन कॅम गेला, आणि कॅमच्या बेअरिंगवर तर अजिबात टेकू घेऊ नका.

हे दोनदा करा. एकदा बोटाच्या जोराने, नुसतं टेकेपर्यंत. तो आकडा लिहा. मग दुसऱ्यांदा चांगला जोर लावून पुढे दाबून धरा, तोही लिहा. ह्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं कव्हर किती वाकतंय, आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या कामातला हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पहिला सात आणि दुसरा आठ आला तर छान, कव्हर उभं आहे. पहिला सात आणि दुसरा वीस आला तर तुमच्याकडे सात थाऊ नाहीतच, वीस आहेत, इंजिन चालू असताना कॅम बोटाच्या जोराने ढकलत नाही. अशा वेळी बटण लांब करून आकडा खाली आणू नका. टेकू सुधारा, चकती बसवा, किंवा कव्हर बदला. माझ्या जुन्या पत्र्याच्या कव्हरवर सासऱ्यांनी मला हे दोनदा मोजायला लावलं तेव्हा पहिला सात आला, जो मी आधी मोजला होता तोच, आणि दुसऱ्याला गेजची सुई एवढी पुढे गेली की मी आकडा लिहिलाच नाही, सरळ ओतीव कव्हरची ऑर्डर टाकली.

बसलं की क्रँक हाताने चार-पाच पूर्ण फेरे फिरवा आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी थांबून परत मोजा. एका ठिकाणी आठ आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तीन येत असेल तर गियर सपाट बसलेला नाही किंवा बटण तिरकं घासलंय, जो सगळ्यात कमी आकडा असेल तो धरून चाला.

शेवटच्या जोडणीला गियरचे बोल्ट परत काढून, आटे साफ करून, लॉकटाइट लावून १८ ते २० फूट-पाउंडला आवळा, लॉकप्लेटचे कान वळवा. बटणाच्या तोंडाला आणि चकतीला असेंब्ली ल्यूब लावा, पहिल्या काही सेकंदांत तिथे तेल पोचलेलं नसतं. पत्र्याच्या कव्हरवाल्यांनी वॉटर पंप शेवटचा पॅकिंगसकट बसवला की टेकूचा बोल्ट परत नव्याने टेकवायचा, कारण पंपाच्या पॅकिंगमुळे पंप थोडा पुढे जातो आणि आधी लावलेला टेकू आता हवेत असतो. ही चूक मी दुसऱ्याच्या इंजिनात दोनदा बघितली आहे.

डिस्ट्रिब्युटरचं गियर पण ह्याच वेळी बघून घ्या. बिलेट स्टीलचा रोलर कॅम आणि जुनं ओतीव लोखंडाचं गियर एकत्र चालत नाहीत, गियरचे दात खाल्ले जातात आणि मग टायमिंग परत हलतं, आणि तुम्हाला वाटणार एंड प्ले बिघडला. कॅम बनवणारा सांगेल तेच गियर घ्या, बहुतेक ब्राँझ नाहीतर कडक केलेलं स्टील. ब्राँझ झिजतं, ते मधून मधून काढून बघायचं असतं.

इंजिन सुरू झाल्यावर फ्लॅट कॅमसारखं वीस मिनिटं दोन हजारावर धरायची गरज रोलरला नाही, पण गरम होऊ द्या, मग टायमिंग लाइट लावा. आयडलला खूण स्थिर, हळूहळू तीन हजारांपर्यंत नेलं की ॲडव्हान्सप्रमाणे सरळ पुढे जाते आणि तिथे थांबते, परत सोडलं की त्याच जागी येते, असं पाहिजे. मागे-पुढे थरथरत असेल तर आधी चेन आणि डिस्ट्रिब्युटरचा बुश बघा, पण एंड प्लेचे तुमचे दोन्ही आकडे लिहिलेले असतील तर निदान तिथे शोधत बसावं लागणार नाही. मी ते मार्करने व्हॉल्व्ह कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो, तारीख आणि दोन आकडे.

पहिलं तेल बदलताना फिल्टर कापून कागद उलगडा. चांदीसारखी बारीक चमक दिसली तर ॲल्युमिनियम घासतंय, पांढरट भुगा म्हणजे नायलॉन, पिवळी चमक असेल तर ब्राँझचं गियर. आणि दोन तुकड्यांचं कव्हर असेल तर पाचशे मैलांनी पुढचा तुकडा एकदा काढाच, दहा मिनिटांचं काम आहे. चकतीवर बटणाचा गोल ठसा बघा. सगळीकडे सारखा, मंद रंगाचा असेल तर परत बंद करा. एका बाजूला गडद आणि दुसरीकडे नाहीच असा असेल तर बटण तिरकं टेकतंय, काढून परत काचेवर घ्या. निळा पडला असेल तर खेळ कमी आहे, दोन थाऊ अजून काढा.